पाळणा थोडा वर घ्या

हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत ऐकून मग हसा. मधेच हसलात तर मला पुढचं सांगायचा धीर होणार नाही. चहा अजून आहे, निवांत बसा.

मी पुण्याचा आणि माझी बायको मेघा नागपूरची. आता नागपूरकडे जावयाचा मान म्हणजे काय असतो, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. मे महिन्यात जावई म्हणाला, 'जरा गार वाटतंय,' तर माझे सासरे कूलर बंद करून स्वेटर घालून बसतील. त्यातून मी अमेरिकेत, आणि त्यातून कॉम्प्युटरवाला. सासरे म्हणजे उभं आयुष्य विजेच्या तारांशी खेळलेला माणूस, लाइनमनपासून वर चढून साहेब म्हणून रिटायर झालेले. तरी घरात नवा मिक्सर आला की प्लग लावायच्या आधी इकडे अमेरिकेत, कॅरी गावाला फोन करून माझं मत घ्यायचे. आणि मी द्यायचो, हो. मान कुणाला नको असतो?

तर गोष्ट दोन हजार सहा सालातली. मेघा बाळंतपणाला माहेरी गेली होती. मी इथे कॅरीत. माझे व्हिसाचे कागद नव्या कंपनीकडे बदलायला टाकलेले, आणि वकिलाने बजावलेलं की निकाल येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये मला मुलगी झाली ती फोनवर. मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून एकटाच रडलो आणि मग मीटिंगला गेलो.

मेघाच्या भावाने ईमेलवर एक फोटो पाठवला होता. त्यात एक टॉवेल होता. टॉवेलच्या एका टोकाला बंद डोळ्यांचं काहीतरी गुलाबी होतं. तो फोटो मी दिवसातून पंधरा वेळा उघडायचो. पण मला तिचे उघडे डोळे बघायचे होते. बाकी काही नाही, एवढंच.

बाराव्या दिवशी बारसं ठरलं. माझी ताई पुण्याहून आत्या म्हणून नागपूरला जाणार होती, कारण आई गेल्यापासून आमच्याकडचं सगळं तीच करते. बारसं रविवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे इकडे सकाळी साडेआठला. सासऱ्यांनी जाहीर करून टाकलं, "जावईबापूंनी कॉम्प्युटरवर पाहिल्याशिवाय पोरीचं नाव ठेवायचं नाही." झालं. आता सगळं माझ्या कॉम्प्युटरवर येऊन पडलं.

माझ्या कॉम्प्युटरची हकिकत ऐका. घरातला चांगला लॅपटॉप मेघा नागपूरला घेऊन गेली होती. ऑफिसच्या लॅपटॉपवर चॅटिंगला बंदी. उरलं होतं ऑफिसातल्या एका मित्राने टाकून द्यायला काढलेलं एक जुनं धूड. त्याच्यावर साधी विंडोज सुरू होईपर्यंत कुकर लावून भात होत असे. शहाण्या माणसाने दुकानात जाऊन नवीन मशीन आणलं असतं. पण मी ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलो होतो की विंडोज काढून लिनक्स टाकलं तर त्यात अशा हलक्याफुलक्या सिस्टिम असतात, मेलेलं मशीनसुद्धा त्यावर पळतं. आता माघार कशी घेणार?

आणि खरंच, ते पळायला लागलं. फक्त स्क्रीनचं रेझोल्यूशन सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशीला जाऊन जे अडकलं ते हलेचना. म्हणजे सगळं एवढं मोठं दिसायचं की अर्धी खिडकी स्क्रीनच्या बाहेर. व्हिडिओ चॅटच्या प्रोग्रॅममधली चित्र मोठं करायची बटणंच खालच्या बाजूला गायब. तेव्हा एका फाइलमध्ये मॉनिटरची सगळी कुंडली हाताने लिहावी लागायची. आकडा चुकला की स्क्रीन काळी. आठवडाभर मी ऑफिसातून येऊन तेच करत होतो. चार वेळा स्क्रीन काळी, दोनदा पांढरे पट्टे, एकदा सगळं जांभळं.

शनिवारी सकाळी त्या तेवढ्याशा स्क्रीनवर मेघाशी ट्रायल केली. आवाज फोनवर घ्यायचा आणि चित्र कॉम्प्युटरवर, असा बेत होता. बाळ आत झोपलं होतं. पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र आलं, पण आलं. तिकडे मेघाच्या भावाने वेबकॅम टीव्हीच्या डोक्यावर चिकटपट्टीने बसवला होता. त्याला जरा हात लावला की वायर निसटून सगळं बंद. आणि माझ्याकडे मी माउस हलवला की ते बिचारं मशीन धापा टाकायचं, चित्र जागीच थिजायचं. म्हणून दोन्हीकडे नियम ठरले. त्यांनी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही आणि मी माउसला.

तसंही खरा लिनक्सवाला माउसला हात लावत नाही. सगळं कीबोर्डवर. ही माझी तेव्हाची मिजास, बरं का.

पण मुलगी तिकिटाएवढी बघायची? मन मानेना. शनिवारी संध्याकाळी एका फोरमवर माझ्या प्रश्नाला कुणा भल्या माणसाचं उत्तर आलं. म्हणाला, 'ही एक ओळ फाइलमध्ये घाल, डेस्कटॉप मोठा होईल.' मी ओळ घातली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. अक्षरं होती तेवढीच मोठी, पण खालची पट्टी गायब झाली आणि चॅटची खिडकी ऐसपैस पसरली. म्हटलं, वा, झालं काम. चालत्या गोष्टीला हात लावू नये हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी मशीन तिथेच बंद केलं, आणि चुकूनही कुणाचा धक्का लागू नये म्हणून माउसवर दह्याचा रिकामा डबा पालथा घातला. वायरसाठी डब्याला कात्रीने खाचसुद्धा पाडली. इतका मी काळजीचा माणूस.

रविवारी सकाळी आठला दार वाजलं. वरच्या अपार्टमेंटमधल्या पाटलांच्या आई, सुमनमावशी. कराडहून लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. हातात निरांजनाचं ताम्हण आणि घुगऱ्यांचं भलंमोठं पातेलं.

"मावशी, हे कशाला?"

"कशाला म्हणजे? लेकीचं बारसं आणि बापाच्या घरात दिवा नाही, घुगऱ्या नाहीत? डब्यातले छोले आहेत, पण फोडणी माझी आहे. सरक."

मी अंघोळ करून सदरा घालून बसलो होतो. मावशी शेजारच्या खुर्चीवर बसल्या. साडेआठला फोन लावला, स्पीकरवर टाकला, कीबोर्डवर दोन कळा दाबल्या आणि स्क्रीन भरून चित्र आलं.

"दिसून राहिलं का, जावईबापू?" सासऱ्यांचा आवाज.

"हो बाबा, एकदम मोठं दिसतंय."

"काय दिसून राहिलं?"

"ट्यूबलाइट."

"अजून?"

"घड्याळ. सहा वाजून पाच मिनिटं."

"बरोबर आहे घड्याळ," ते म्हणाले. "अन् पाळणा?"

पाळणा कुठेच नव्हता. भिंत होती, भिंतीवर कॅलेंडरचा वरचा भाग होता, आणि खालच्या कडेला मधूनमधून केस जात-येत होते. वेण्या, गजरे, एक टक्कल. म्हणजे बारसं तिथे जोरात चालू होतं, पण माझ्या नजरेच्या खाली.

मी ठामपणे निदान केलं. "बाबा, तुमचा कॅमेरा वर बघतोय."

"खाली करू का?"

"नको, वायर निसटेल. पाळणा थोडा वर घ्या."

आता बघा, इथे कुठल्याही दुसऱ्या घरात कुणीतरी म्हणालं असतं, 'अहो, कॅमेरा तर सरळ आहे.' पण सासरे म्हणाले, "वर घ्या रे पाळणा." चार माणसांनी स्टँडचा रिकामा पाळणा उचलून दिवाणावर ठेवला. स्पीकरवर मला नुसते आवाज. लाकूड घासल्याचे, 'सांभाळ, सांभाळ' म्हटल्याचे.

"आता?"

"पाळण्याची वरची दांडी दिसतेय. आणि त्याला टांगलेली कापडी चिमणी."

"चिमणी दिसली," सासऱ्यांनी तिकडे सगळ्यांना सांगितलं. जरा आनंदाचा गलका झाला.

"आणखी वर घ्या, बाबा. आणि थोडं डावीकडे."

"तुमच्या डावीकडे का आमच्या?"

"माझ्या."

मग डायनिंग टेबल आलं. टेबलावर पाळणा चढला. टेबल सरकवताना कुणाच्या तरी पायावर आलं, कारण तिकडच्या कुणी बाई देवाचं नाव घेऊन ओरडल्या. एवढं करून मला पाळण्याची वरची कड दिसायला लागली. आत काय आहे ते दिसेना.

मग मेघा फोनवर आली. "अरे, इकडच्या स्क्रीनवर सगळं व्यवस्थित दिसतंय. पाळणा, आम्ही, सगळे. तुझ्याकडेच काहीतरी लोचा आहे, यार."

"मेघा, मी आठवडाभर हेच करतोय ना? माझ्याकडे सगळं टेस्ट केलंय."

"एकदा रीस्टार्ट तरी कर."

"आणि परत सुरूच झालं नाही तर?"

मागून सासऱ्यांचा आवाज आला, "मेघा, जावईबापूंना शिकवू नको. त्यांचं रोजचं काम आहे ते."

मी काय केलं असेल? मी गप्प बसलो. इतकंच नाही, मनातून जरा सुखावलो. लाज वाटते आता सांगताना.

मग मेघा बाळाला घेऊन स्टुलावर चढली. बाळंतीण बाई, बाराव्या दिवशी, माझ्यासाठी स्टुलावर. आधी तिचा भांग दिसला, मग कपाळ, मग डोळे. तिथे थांबलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तीन महिन्यांनी मी ते डोळे नीट बघत होतो.

"पाहिलंस का हिला?" तिने विचारलं.

"नाही गं. तू दिसतेस. डोळ्यांपर्यंत."

कुणीतरी तिला हात देऊन खाली उतरवलं. सहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. हे मला घड्याळात स्पष्ट दिसत होतं, तेवढं एकच मला पूर्ण दिसत होतं. लोक जेवायचे थांबले होते. बाळ रडायला लागलं. आणि जी मुलगी मी बारा दिवस फोनवर ऐकत होतो, ती पुन्हा नुसती आवाजातच. मला वाटलं, सांगावं आता, राहू द्या, ठेवून टाका नाव. मी तसं म्हटलंही.

तर फोनवर ताई. "अभ्या, गप्प बस. आई असती तर तिने तुला दाखवल्याशिवाय नाव ठेवलं असतं का? मी चढते टेबलावर."

"ताई, तुझा गुडघा."

"गुडघ्याला काय झालंय? धरा रे मला."

आणि खालच्या कडेवर ताईचा गजरा हळूहळू उगवायला लागला.

इकडे सुमनमावशी मघापासून घुगऱ्यांचं पातेलं मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यांना ओवाळायचं होतं आणि टेबलावर ताम्हणाला जागा नव्हती. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि वाटेतला दह्याचा डबा हाताने खाली उजवीकडे सरकवला.

"मावशी, त्याला हात..." एवढंच मी म्हणालो.

कारण स्क्रीनवरची भिंत वर सरकली. खरंच सांगतो, आख्खं नागपूर वर सरकलं. ट्यूबलाइट गेली, घड्याळ गेलं, आणि खालून एक डायनिंग टेबल आलं. टेबलावर पाळणा. पाळण्याशेजारी, एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने सासऱ्यांचं डोकं धरून, नऊवारी नेसलेली माझी पन्नाशीची ताई. सासरे स्टुलावर. मेघाची काकू दिवाणावर. मेघाचा भाऊ खुर्चीवर. एक आजीबाई पाटावर, म्हणजे त्यांना तेवढंच झेपलं असावं. चाळीस माणसं, ज्याला जे सापडलं त्याच्यावर चढून, माना ताणून कॅमेऱ्याकडे बघत उभी. मला दिसणाऱ्या वरच्या अर्ध्या भागात मावण्यासाठी.

डेस्कटॉप मोठाच झाला होता हो. पूर्ण मोठा. फक्त स्क्रीनमधून त्याचा एक तुकडा दिसत होता, आणि उरलेला बघायला माउस कडेपर्यंत न्यायचा होता. बस. फोरमवरच्या त्या भल्या माणसाने हेसुद्धा लिहिलं होतं, मी नंतर जाऊन पाहिलं. उत्तराचा तो खालचा भाग माझ्या स्क्रीनच्या खाली राहिला होता आणि मी खाली जाऊन वाचलंच नव्हतं.

"काखेत कळसा," मावशी पुटपुटल्या.

पण तेव्हा मला मावशी ऐकू येत नव्हत्या. कारण पाळण्याच्या कडेवर मेघाने बाळाला उभं धरलं होतं. हिरवं झबलं, कपाळाला काजळाचा टिळा. ती रडायची थांबली होती आणि तिचे डोळे उघडे होते. मोठे, काळे, जरासे रागावलेले. थेट माझ्या आईचे डोळे. चित्र चौकोनाचौकोनांत फुटत होतं, तरी मला कळलं. मी खुर्चीतच हात जोडले, कुणाला ते मलाही माहीत नाही.

"जावईबापू?" सासऱ्यांचा काळजीचा आवाज. "ऐकून राहिले ना? काही दिसलं का?"

"दिसली, बाबा. सगळी दिसली."

तिकडे टाळ्या पडल्या. ताईने वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, टेबल डुगडुगलं, सगळे हसले. सानिका. माझी मुलगी सानिका झाली.

मग सासऱ्यांनी विचारलं, "काय प्रॉब्लेम होता, जावईबापू?"

आता इथे मी खरं बोलायला हवं होतं की नाही? नुसतं 'माउस' म्हणायचं होतं. पण ती चाळीस माणसं अजून वर चढलेली होती. कुणी उतरायला तयार नव्हतं, उतरलो आणि परत गेलं तर, म्हणून. ताई तसल्या गुडघ्यावर उभी. त्यांना काय सांगू, की तुम्ही उगीच चढलात?

"नेटवर्कचं सेटिंग होतं, बाबा," मी म्हणालो. "काढलं मी."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. फोन ठेवल्यावर घुगऱ्या वाढता वाढता म्हणाल्या, "सांगून टाक रे खरं. आपलीच माणसं आहेत."

"सांगतो ना, मावशी."

नाही सांगितलं. पुढच्या आठवड्यात फोन केला तर सासऱ्यांचं अर्ध्या नागपुरात सांगून झालं होतं की जावयाने अमेरिकेत बसून सगळं नीट मांडून दिलं. मग तर सोयच राहिली नाही. मेघा सानिकाला घेऊन आल्यावर अधूनमधून म्हणायची, "त्या दिवशी लोचा तुझ्याकडेच होता, बरं का." मी म्हणायचो, "नेटवर्क." असं दोन वर्षं चाललं.

मग मागच्या महिन्यात मेहुणीला मुलगा झाला. बारसं त्याच घरात. आता माझ्याकडे नवाकोरा लॅपटॉप, रुंद स्क्रीन, चित्र काचेसारखं. मी, मेघा आणि सानिका सोफ्यावर नटूनथटून बसलो. कॉल लागला. कसलीही अडचण नाही, पहिल्या सेकंदाला पूर्ण खोली.

सानिका टाळ्या वाजवत म्हणाली, "ममा, आजोबा ऑन द टेबल!"

खरंच होते. पाळणा डायनिंग टेबलावर. मेहुणी स्टुलावर. बायका दिवाणावर ओळीने. आणि अडुसष्ट वर्षांचे माझे सासरे, लोखंडी कपाटाला धरून, टेबलाच्या कोपऱ्यावर धोतर सावरत उभे.

"बाबा, अहो, हे काय?" मेघा ओरडली. "सगळे वर का चढलात?"

"अगं, जावईबापूंना वरचं अर्धंच दिसते ना," सासरे म्हणाले. "मागच्या वेळी बिचाऱ्यांचा जीव किती टांगणीला लागला होता. म्हटलं, या वेळी त्यांना सांगायला लावू नये, आपणच आधी चढून बसू."

मेघाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी नवऱ्याला जमिनीने पोटात घ्यावं, पण अपार्टमेंटला खाली दुसरं अपार्टमेंट असतं.

मग मी सांगितलं. सगळं. ती ओळ, तो डबा, न वाचलेलं उत्तर, घुगऱ्या, नेटवर्कची थाप. "बाबा, तुमचा कॅमेरा तेव्हाही सरळच होता. मला फक्त माउस हलवायचा होता. तुम्हाला कुणालाच चढायची गरज नव्हती. तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही."

मी मान खाली घालून बसलो, म्हटलं आता जे काय बोलतील ते ऐकून घ्यायचं.

सासऱ्यांनी कपाटावरची पकड जरा बदलली, घसा साफ केला आणि अगदी अदबीने विचारलं,

"बरं मग जावईबापू, आता खाली उतरू का?"